डावं कुणाचं, उजवं कुणाचं? शरीराच्या दिशांची भाषा

मागच्या भागाचं हे लिखित रूप. भाग ऐकून बऱ्याच जणांनी कळवलं, "ताई, ऐकताना समजतं, पण नंतर मिडियल कुठलं नि लॅटरल कुठलं ते पुन्हा शोधायला गेलं की सापडत नाही, लिहून टाका." म्हणून टाकतेय. बोलताना जिथे अडखळले होते तेवढं गाळलंय, बाकी जवळपास बोलले तसंच आहे. जमलं तर उभं राहून वाचा. मध्ये मध्ये हात वळवून बघायला सांगणार आहे.

सुरुवात एका चुकीपासून करते. चूक माझीच आहे.

गेल्या पावसाळ्यात माझ्या काकांना ताप आला, मग धाप लागायला लागली. तालुक्याच्या गावी एका रुग्णालयात दाखल केलं. छातीचा एक्स-रे निघाला आणि कळलं की एका बाजूच्या फुफ्फुसाभोवती पाणी झालंय. सकाळी सुई घालून ते काढायचं ठरलं. रात्री साडेअकराला चुलत भावाचा फोन. एक्स-रेची फिल्म ट्यूबलाइटसमोर धरून त्यानं फोटो पाठवला होता.

"ताई, रिपोर्टमध्ये लेफ्ट लिहिलंय. पण फोटोत तर पांढरं उजवीकडे दिसतंय. बघ ना जरा."

मी अर्धवट झोपेत फोटो उघडला. पांढरं खरंच उजवीकडे होतं. मी म्हटलं, "हो रे, उजवीकडेच दिसतंय. बरोबर आहे." आणि फोन ठेवून झोपले.

मला म्हणायचं होतं, स्क्रीनच्या उजवीकडे दिसतंय, म्हणजे ते काकांचं डावं, म्हणजे रिपोर्ट बरोबर आहे. त्यानं ऐकलं, ताई म्हणते उजवीकडेच आहे, म्हणजे मी बरोबर आहे. तो तसाच ड्यूटीवरच्या डॉक्टरांकडे गेला. "माझी बहीण फिजिओथेरपिस्ट आहे, तिनं बघितलंय," असं सांगून भांडला. आणि संमतीपत्रावर 'लेफ्ट' खोडून 'राइट' लिहून घेतलं.

पुढे काय झालं ते सांगतेच. पण त्याआधी, सोळा वर्षं हे काम करणाऱ्या बाईकडून आणि चांगल्या शिकलेल्या मुलाकडून असा घोटाळा होतोच कसा, ते बघू.

समोरासमोर दोन माणसं उभी राहिली की डावं-उजवं उलटं होतं हे बालवाडीतल्या मुलालाही कळतं. पण आपल्याला सवय असते आरशाची. आरशात माझा डावा हात माझ्या डावीकडेच दिसतो. एक्स-रे आरसा नाही. तो समोर उभ्या असलेल्या माणसासारखा बघायचा असतो, जणू पेशंट आपल्याशी हात मिळवायला उभा आहे. म्हणून त्याचं डावं आपल्या उजव्या हाताला येतं. फिल्मवर एका कोपऱ्यात 'एल' किंवा 'आर' असं अक्षर असतं, ते यासाठीच. ते पेशंटची बाजू सांगतं, बघणाऱ्याची नाही. अक्षर उलटं दिसलं तर समजायचं, फिल्मच उलटी धरलीय. फिल्म पारदर्शक असते, त्यामुळे हेही सर्रास होतं.

थोडक्यात, वैद्यकीय कागदावर डावं म्हणजे कायम पेशंटचं डावं. तो पालथा झोपलेला असो, कुशीवर असो, डॉक्टर त्याच्या डोक्याशी उभे असोत नाहीतर पायाशी.

एवढं ठरवूनही भागत नाही, कारण माणूस हलतो. म्हणून शरीररचनाशास्त्रानं एक स्थिती पक्की केली. तिला ॲनाटॉमिकल पोझिशन म्हणतात. आता उभे राहा. ताठ, नजर समोर, पावलं समोर, हात अंगालगत खाली सोडलेले, आणि तळवे पुढे. हे शेवटचं विचित्र वाटतं, कारण असं कुणी उभं राहत नाही. आपले तळवे सहसा मांड्यांकडे वळलेले असतात. पण तळवा पुढे केला की हाताच्या मनगट ते कोपर भागातली दोन हाडं एकमेकांना समांतर येतात. अंगठ्याच्या बाजूला रेडियस, करंगळीच्या बाजूला अल्ना. आता तळवा मागे वळवा. रेडियस अल्नावरून आडवं जातं. करून बघा, दुसऱ्या हातानं कोपराखाली धरून बघितलं तर हाड फिरल्याचं बोटांना कळतं. म्हणजे तळवा कुठे आहे हे ठरवल्याशिवाय "अंगठ्याची बाजू बाहेरची की आतली" या प्रश्नाला उत्तरच नाही. तळवे पुढे केले की अंगठा बाहेर आणि करंगळी आत, कायमची.

आणि काहीही वर्णन करताना माणूस असाच उभा आहे असं धरायचं. काका खाटेवर आडवे असले तरी त्यांचं डोकं 'वर'च असतं.

आता शब्द. डोक्याकडचं ते सुपीरियर, पायाकडचं इन्फीरियर. पोटाकडचं ॲन्टीरियर, पाठीकडचं पोस्टीरियर. शरीराच्या मधोमध, नाकाच्या शेंड्यापासून बेंबीपर्यंत सरळ ओढलेली रेघ धरा. तिच्या जवळचं मिडियल, तिच्यापासून लांबचं लॅटरल. डोळे नाकापेक्षा लॅटरल, कान डोळ्यांपेक्षा लॅटरल. हातापायांसाठी आणखी एक जोडी: बुंधा आणि शेंडा. धडाकडचं ते प्रॉक्झिमल, बोटांकडचं ते डिस्टल. पडताना हात टेकला आणि रिपोर्टात डिस्टल रेडियस फ्रॅक्चर आलं, तर रेडियसचं मनगटाकडचं टोक मोडलंय. कातडीजवळचं सुपरफिशियल, खोलवरचं डीप.

मराठीत यांना अग्र, पश्च, अभिमध्य, पार्श्व, समीपस्थ, दूरस्थ असे शब्द आहेत. सुंदर आहेत, पण माझ्याकडे येणाऱ्या एकाही पेशंटला मी ते बोलताना ऐकलेलं नाही. आणि पेशंट बोलतो ते शब्द जास्त महत्त्वाचे, कारण खरी गफलत तिथे होते.

'आत' हाच शब्द घ्या. माझ्याकडे रोज कुणीतरी येऊन सांगतं, "मॅडम, गुडघ्याच्या आत दुखतं." आत म्हणजे काय? दुसऱ्या गुडघ्याकडची बाजू, म्हणजे मिडियल? की सांध्याच्या पोटात, म्हणजे डीप? पहिलं असेल तर माझं लक्ष मिडियल बाजूच्या लिगामेंटकडे आणि गादीकडे जातं. दुसरं असेल तर सांध्याच्या मधोमध असलेल्या क्रुशिएट लिगामेंटांचाही विचार करावा लागतो. तपासण्या वेगळ्या, कधी कधी व्यायामही वेगळे. म्हणून मी आता विचारतच नाही, सरळ म्हणते, "एका बोटानं दाखवा." संपूर्ण पंजा गुडघ्यावर फिरवला तर तीही माहितीच आहे.

तसंच 'हात' आणि 'पाय'. मराठीत खांद्यापासून बोटापर्यंत सगळा हात, आणि मनगटापुढचा पंजाही हातच. "पाय सुजलाय" म्हटलं की पाऊल, पोटरी की मांडी? आपल्याकडे शब्द नाहीत असं मुळीच नाही. दंड, कोपर, मनगट, पंजा, जांघ, मांडी, पोटरी, नडगी, घोटा, टाच, चवडा. आजीच्या तोंडी सगळे असायचे. फोनवर बोलताना मात्र आपण "पाय" म्हणून मोकळे होतो. 'कंबर' तर विचारूच नका. कुणी बेंबीच्या पातळीवरचा मणका दाखवतं, कुणी पार कुल्ला.

कोपराला टेबलाची कड लागून करंगळीपर्यंत झिणझिण्या येतात ना, तो याच भाषेचा एक छान धडा आहे. तिथे लागतं ती अल्नार नस. ती कोपराच्या मिडियल उंचवट्याच्या मागून जाते, जवळजवळ कातडीखालीच, म्हणजे सुपरफिशियल. लॅटरल बाजूला कितीही आपटा, तसल्या झिणझिण्या येणार नाहीत. (मुद्दाम आपटू नका.)

एक छोटं विषयांतर. डॉर्सल आणि व्हेंट्रल हे शब्दही रिपोर्टात दिसतात. डॉर्सल म्हणजे पाठीकडचं, व्हेंट्रल म्हणजे पोटाकडचं. गायीची पाठ वर असते, म्हणून तिच्यात डॉर्सल म्हणजे वर. माणूस उभा राहिला, आणि त्याचं डॉर्सल मागे गेलं. मग पावलाचा वरचा भाग, जिथे चपलेचा पट्टा येतो, त्याला डॉर्सम का म्हणतात? तो तर पुढे-वर आहे. कारण गर्भात हातपाय फुटतात तेव्हा दोघं उलट दिशांना वळतात, हात बाहेरच्या अंगानं आणि पाय आतल्या अंगानं. म्हणून कोपर मागे जातं आणि गुडघा पुढे येतो, आणि म्हणूनच हाताचा अंगठा लॅटरल, पण पायाचा अंगठा मिडियल. पायाचा जो भाग मूळचा 'पाठीकडचा' तो फिरून पुढे आला, नाव मात्र तसंच राहिलं.

नावांचा हा पसारा पूर्वी याहून भयंकर होता. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी युरोपात शरीराच्या भागांना मिळून सुमारे ५० हजार नावं होती. एकाच अवयवाला प्रत्येक देशात वेगळं. १८९५ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बाझेल शहरात शरीररचनातज्ज्ञांनी एक यादी मंजूर केली आणि ती संख्या पाच-साडेपाच हजारांवर आणली. आज आपण वापरतो त्या यादीची ती पणजी.

आता प्लेन, म्हणजे प्रतलं. सीटी किंवा एमआरआयच्या रिपोर्टात सॅजिटल, कोरोनल, ॲक्शियल असं लिहिलेलं असतं आणि लोक घाबरतात, हे आजाराचं नाव तर नाही? नाही. शरीर कुठल्या दिशेनं कापल्यासारखं दाखवलंय, एवढंच ते सांगतं.

तीन वस्तू लक्षात ठेवा. भांग, हेडफोन आणि करदोटा.

मधोमध भांग पाडलाय. त्याच रेषेत एक काच वरून खाली सरकवली, तर शरीराचे डावा आणि उजवा असे भाग होतील. हे सॅजिटल. कणा बघायला रेडिओलॉजिस्टला ही बाजू आवडते, कारण मणके, मधल्या चकत्या आणि मज्जारज्जू एका चित्रात ओळीनं दिसतात. सॅजिटल हा शब्द बाणासाठीच्या लॅटिन शब्दावरून आलाय.

आत्ता हेडफोन लावून ऐकत असाल तर डोक्यावरून एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत पट्टी गेलीय. तिच्या रेषेत काच खाली घाला. पुढचा भाग वेगळा, मागचा वेगळा. हे कोरोनल. मुकुटावरून आलेला शब्द.

आणि करदोटा. कमरेभोवती आडवा. त्या पातळीवर कापलं की वरचा भाग आणि खालचा भाग. हे ट्रान्सव्हर्स, स्कॅनच्या भाषेत ॲक्शियल. काकडीच्या चकत्या करतो तसं. सीटी मुळात याच चकत्यांचं तंत्र. पहिल्या पेशंटचा सीटी १९७१ मध्ये लंडनमधल्या एका रुग्णालयात झाला, मेंदूचा होता, आणि ते यंत्र बनवणाऱ्या गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांना १९७९ मध्ये ॲलन कॉर्मॅक यांच्याबरोबर नोबेल मिळालं.

इथे पुन्हा डावं-उजवं येतं, नीट लक्ष द्या. सीटीची चकती आपण कुठून बघतो? पेशंट उताणा झोपलाय आणि आपण त्याच्या पायाशी उभं राहून डोक्याकडे बघतोय, असं. म्हणून पोट चित्राच्या वरच्या बाजूला, कणा खाली, आणि उजवीकडे असणारं यकृत आपल्याला चित्रात डावीकडे दिसतं. एक्स-रे आणि सीटी दोन्हींत नियम एकच. मी हे पंधरा वेळा शिकवलंय. त्या रात्री एकदाच सांगायला हवं होतं.

राहिल्या पोकळ्या. कवटीची पोकळी आणि कण्याची नळी ही एक सलग जोडी, मेंदू आणि मज्जारज्जूसाठी. पुढच्या बाजूला वक्षपोकळी आणि खाली उदरपोकळी, दोघींमध्ये श्वासपटल. ओटीपोटाची पोकळी उदराला खालून जोडलेली, मध्ये पडदा नाही. मूत्रपिंडं उदरपोकळीच्या अस्तराच्या मागे, पाठीच्या भिंतीला लागून असतात, म्हणून मुतखड्याची कळ बऱ्याचदा पोटाऐवजी बरगड्यांच्या खाली मागच्या बाजूला उठते आणि जांघेकडे उतरते. बाकी पोटाचा विषय मोठा आहे, त्याचा वेगळा भाग करू.

मला सांगायचंय ते छातीबद्दल. छाती म्हणजे एक मोठी पेटी नाही. तिच्यात डाव्या आणि उजव्या फुफ्फुसाची दोन वेगळी आवरणं आहेत, आणि दोघांच्या मध्ये हृदयाचं, मोठ्या रक्तवाहिन्यांचं, अन्ननलिकेचं दालन. फुफ्फुसाभोवतीचं आवरण दुपदरी असतं. एक पदर फुफ्फुसाला चिकटलेला, दुसरा छातीच्या भिंतीला. दोन पदरांमध्ये इतकं थोडं पाणी असतं की ती जागा जवळपास नसल्यासारखीच. न्यूमोनिया, टीबी, हृदयाचा त्रास अशा कारणांनी तिथे पाणी साचलं की फुफ्फुस दाबलं जातं आणि धाप लागते. आणि डावी-उजवी जागा एकमेकींना जोडलेली नाही. डावीकडचं पाणी उजवीकडून निघत नाही. बाटल्या दोन आहेत.

म्हणजे बाजू चुकली तर काय होतं? पाणी तर निघणार नाहीच. उलट जे एक फुफ्फुस धडपणे चाललंय त्याला सुई लागून त्याच्याभोवती हवा शिरू शकते, आणि ते मिटू शकतं. मग माणसाकडे श्वास घ्यायला उरतं काय? मला हे सकाळी सव्वासातला बेसिनपाशी सुचलं. भावाचा मेसेज आला होता, "ताई थँक्स, फॉर्म दुरुस्त करून घेतला."

मी फोन लावला, तो उचलेना. रुग्णालयात लावला, तो कुणी उचलेना. ती पंचवीस मिनिटं मी कशी काढली ते माझं मला ठाऊक.

तिथे झालं असं. ज्या डॉक्टर पाणी काढणार होत्या त्यांनी काकांना खाटेच्या कडेला बसवलं, पुढे टेबलावर उशी आणि तिच्यावर हात. बसवतात कारण पाणी खाली उतरतं आणि बरगड्यांमधली जागा उघडते. मग त्यांनी पाठीवर बोटांनी ठोकून बघितलं. हवा असलेली छाती पोकळ वाजते, पाण्यावर आवाज बद्द येतो, भरलेल्या माठासारखा. डावीकडे बद्द, उजवीकडे पोकळ. फॉर्मवर राइट. त्या थांबल्या. फिल्म पुन्हा मागवली, 'एल' अक्षर बघितलं, सोनोग्राफीचं यंत्र आणून लावलं. पाणी डावीकडे. मग काकांनाच विचारलं, "आजोबा, कुठल्या कुशीवर झोपलं की बरं वाटतं?" काका म्हणाले, डाव्या. पाणी असलेली बाजू खाली ठेवली की बऱ्याच जणांना धड फुफ्फुसानं मोकळा श्वास घेता येतो. फॉर्म नव्यानं लिहिला, भावाची नव्यानं सही, पाठीवर पेननं खूण. सुई बरगडीच्या वरच्या कडेला धरून आत गेली, कारण शिरा आणि नस बरगडीच्या खालच्या कडेला लपून जातात. सव्वा लिटर पिवळसर पाणी निघालं.

नंतर त्या डॉक्टरांनी मला फोन केला. चिडल्या नव्हत्या. एकच विचारलं, "मॅडम, तुम्ही कुणाचं उजवं म्हणालात?"

ही पेननं खूण करायची, पेशंटलाच बाजू विचारायची पद्धत आता जगभर आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं २००८ मध्ये शस्त्रक्रियेसाठी १९ मुद्द्यांची तपासणी यादी काढली. त्यात पेशंटनं स्वतः जागा सांगणं आणि ती खूण केलेली असणं हे भूल देण्याआधीच विचारलं जातं. ज्या आठ शहरांत ती आधी वापरून बघितली त्यात नवी दिल्लीही होती. तेव्हा ऑपरेशनच्या दिवशी चौथ्यांदा कुणी "कुठला पाय?" विचारलं तर वैतागू नका. "फाइलमध्ये लिहिलंय की" असं तर मुळीच म्हणू नका. हात लावून दाखवा.

मी माझ्यापुरता बदल केलाय. फोनवर 'उजवीकडे' हा शब्द सुटा बोलत नाही. "काकांच्या उजव्या हाताकडे" असं म्हणते, किंवा "स्क्रीनच्या उजवीकडे". 'आतल्या बाजूला' ऐवजी "दुसऱ्या गुडघ्याकडची बाजू" किंवा "करंगळीकडची". आणि कुणी फिल्मचा फोटो पाठवला की आधी अक्षर दिसतंय का बघते, नसेल तर सरळ सांगते, पुन्हा काढ, चारही कोपरे येऊ देत. रिपोर्टबद्दल शंका आली तर ती विचारायची ज्यांनी पेशंटला हात लावून तपासलंय त्यांना. रात्री साडेअकराला झोपलेल्या बहिणीला नाही.

काका आता बरे आहेत. टीबी निघाला, सहा महिन्यांची औषधं चालू आहेत. मी भेटायला गेले तेव्हा म्हणाले, "अगं, तुम्ही दोघं फोटोवरून भांडत होता. मी तिथंच होतो की."

पुढच्या भागात पोट: बेंबी, कूस, ओटीपोट आणि अपेंडिक्स. तुमच्या घरी दुखणाऱ्या जागेसाठी जे शब्द वापरतात ते कळवा, खास करून कोकणातले आणि विदर्भातले. भेटूच.